रोड सायकलसाठी हलका बॉटल केज कसा निवडावा

रोड सायकलचा बॉटल केज म्हणजे फ्रेमला दोन बोल्टांनी बसणारा आणि पाण्याच्या बाटलीला कवेत घेणारा एक लहानसा पिंजरा. त्यात फिरणारा भाग नाही आणि दुरुस्त करण्याजोगेही फारसे काही नाही, म्हणूनच तो विकत घेताना बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर जाते, तो म्हणजे वजनाचा. हा आकडा निरर्थक नाही. पण गोव्याच्या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्याने तो सर्वांत शेवटी विचारात घ्यावा, असे माझे मत आहे. आधी बाटली आणि फ्रेम, मग पकड, मग खारी हवा, आणि या चाळण्यांतून जे केज उरतील त्यांतला सर्वांत हलका घ्यावा.

वजनाचा हिशेब

साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा केज साधारणपणे 40 ते 60 ग्रॅमचा असतो, चांगल्या नायलॉनचा 30 ते 50 ग्रॅमचा आणि कार्बन फायबरचा 15 ते 35 ग्रॅमचा. म्हणजे मध्यम प्रतीचा केज काढून उत्तम कार्बनचा बसवला, तर एका केजमागे 25 ग्रॅम आणि दोन केजमागे 50 ग्रॅम वाचतात. साखळी शहराहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना समजा 600 मीटरची उंची गाठायची आहे, तर हे 50 ग्रॅम तेवढे वर नेण्यासाठी सुमारे 294 जूल ऊर्जा लागते. दीडशे वॅटने पायडल मारणारा माणूस ती दोन सेकंदांत निर्माण करतो. शिवाय केज चाकासारखा फिरत नसल्याने वेग घेताना त्याच्या वजनाचा वेगळा भुर्दंड पडत नाही. याउलट 750 मिलिलिटरच्या भरलेल्या बाटलीत पाण्याचेच वजन 750 ग्रॅम भरते, म्हणजे दोन केजवर वाचवलेल्या वजनाच्या पंधरापट. वाटेत पाणी नक्की कुठे मिळते हे ठाऊक असताना दुसरी बाटली अर्धीच भरून निघालात, तर कोणताही केज वाचवू शकणार नाही इतके वजन घरच्या नळाखालीच फुकटात कमी होते. मात्र एप्रिल-मे महिन्यांत ही काटकसर करू नये, कारण आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, तो नुसता वाहतो, आणि तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे.

तरीही हलका केज घेण्यात गैर काहीच नाही. सायकलच्या इतर भागांत 50 ग्रॅम वाचवायला जो खर्च येतो, त्याच्या तुलनेत केज स्वस्त पडतो, आणि तो घरी पाच मिनिटांत बदलता येतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार शर्यतीच्या सायकलचे वजन किमान 6.8 किलो असावे लागते. हे वजन करताना बाटल्या काढून ठेवतात, पण केज मात्र सायकलचाच भाग मानून जागेवर राहू देतात. तेव्हा सायकलचे वजन सांगताना केज मोजायचा विसरणाऱ्या मित्राला ही आठवण करून द्यायला हरकत नाही.

आधी बाटली, मग फ्रेम

केज हा बाटलीसाठी असतो, त्यामुळे आपण कोणती बाटली वापरणार हे आधी ठरवावे. सायकलच्या प्रमाणित बाटलीचा व्यास 73 ते 74 मिलिमीटर असतो आणि जवळजवळ सर्व केज याच मापावर बेतलेले असतात. घरातली बाटली त्या मापाची आहे की नाही हे पाहण्यासाठी व्हर्नियर लागत नाही; तिच्याभोवती सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजावी, घेर सुमारे 23 सेंटिमीटर आला की बाटली योग्य. दुकानात मिळणारी एक लिटरची पाण्याची बाटली यापेक्षा जाड असते आणि अर्ध्या लिटरची बारीक. पहिली केजमध्ये कोंबली तर केज फाकतो, दुसरी पहिल्याच गतिरोधकावर बाहेर उडी मारते. अशा बाटल्यांसाठी मागे-पुढे सरकवता येणारे केज मिळतात, पण ते जड असतात आणि त्यांत एखादा स्क्रू तरी खुळखुळत राहतोच. लांबच्या सफरीत दुकानाच्या बाटलीवरच भिस्त असेल, तर त्या बाटलीतले पाणी सायकलच्या बाटलीत ओतून घ्यावे, हा सर्वांत सोपा उपाय.

पाणी थोडा वेळ थंड राहावे म्हणून दुहेरी भिंतीची बाटली घेणारे पुष्कळ आहेत. ती त्याच व्यासाची असते, परंतु तेवढ्याच उंचीत पाणी कमी मावते आणि रिकाम्या बाटलीचे वजनही वाढते. केजवर 25 ग्रॅम वाचवून बाटलीत त्याहून अधिक घालणे हा व्यवहार मी स्वतः आनंदाने करतो, कारण सकाळी नऊनंतर कोमट पाणी घशाखाली उतरत नाही. ज्यांना सर्वत्र ग्रॅमच मोजायचे आहेत त्यांनी मात्र केजच्या आधी बाटलीकडे पाहावे. पातळ भिंतीची हलकी बाटली आणि नेहमीची बाटली यांच्या वजनातला फरक बहुधा दोन केजच्या फरकाइतकाच निघतो आणि ती कार्बन केजपेक्षा पुष्कळ स्वस्त असते.

आता फ्रेम. डाउन ट्यूब (हँडलकडून पायडलकडे तिरपी उतरणारी) आणि सीट ट्यूब (सीटखालची उभी) या दोन नळ्यांवर केज बसवण्याची दोन-दोन भोके असतात. त्यांतले अंतर 64 मिलिमीटर आणि बोल्ट पाच मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे एम-5 मापाचे. ही मापे जगभर सारखीच असल्याने केज बसेल की नाही ही काळजी सहसा नसते. खरी अडचण लहान फ्रेममध्ये येते. उंची कमी असलेल्या चालकाच्या सायकलीत वरच्या नळीखाली जागा इतकी थोडी उरते, की सीट ट्यूबवरची 750 मिलिलिटरची बाटली सरळ वर ओढून काढताच येत नाही. अशा फ्रेमवर बाजूने उघडणारा केज घ्यावा, ज्यातून बाटली तिरपी करून काढता येते. तो डाव्या बाजूने उघडणारा हवा की उजव्या, हे आपण कोणत्या हाताने पाणी पितो यावर ठरते. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत उजव्या हाताखाली पुढच्या चाकाचा ब्रेक असतो. तेव्हा उजव्या हाताने बाटली काढली तर हँडलवरच्या डाव्या हाताखाली मागचा ब्रेक राहतो, आणि अचानक गुरे आडवी आली तर एका हाताने पुढचा ब्रेक दाबून तोंडावर आपटण्यापेक्षा ते केव्हाही बरे. ज्यांच्या सायकलीत ही जुळणी उलटी आहे त्यांनी हिशेबही उलटा करावा. खरेदीला जाताना सायकल सोबत न्यावी, हे सांगायला नकोच. निदान वरच्या नळीखालची जागा तरी मोजून न्यावी.

हवेचा अडथळा कमी करणारे चपटे केज आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या चपट्या बाटल्या दिसायला देखण्या असतात. पण ती बाटली हरवली किंवा तिच्या तोंडाला गळती लागली, तर तिची जोडीदार जवळच्या दुकानात मिळणार नाही. रोजच्या फेरफटक्यासाठी तो मोह टाळावा.

पकड

गोव्यातल्या रस्त्यांचा कस सरळ डांबरावर लागत नाही; तो लागतो रंबलरवर. शाळा, चर्च, देऊळ, वळण, पुलाचे तोंड, जिथे म्हणून वाहने हळू व्हावीत अशी अपेक्षा असते तिथे रस्त्यावर आडवे जाड पट्टे ओळीने मारलेले असतात, आणि रोड सायकलच्या अरुंद, टणक टायरवरून ते जाताना हाडे खुळखुळतात. त्यांच्या जोडीला पावसाळ्यानंतरचे खड्डे, डिचोली-साखळी पट्ट्यातले अवजड ट्रकांनी दाबून नागमोडी केलेले डांबर, आणि चोडण किंवा दिवाडी बेटावर जाताना फेरीबोटीच्या लोखंडी फळीचा चढ-उतार. एका धक्क्याने बाटली सहसा सुटत नाही. एकामागून एक येणाऱ्या धक्क्यांनी ती तीळ-तीळ वर सरकते आणि शेवटच्या पट्ट्यावर निसटते. कार्बनचे नवे केज बसवल्याच्या पहिल्याच रविवारी माझी भरलेली बाटली याच रीतीने केरीच्या अलीकडे रस्त्यावर पडली, मागून येणाऱ्या ट्रकखाली गेली, आणि पुढचा घाट मी एका बाटलीवर काढला. तो केज 18 ग्रॅमचा होता, हे सांगताना मला त्याआधी फार अभिमान वाटत असे.

पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे केजचे हात बाटलीला किती वेढतात. घेराच्या निम्म्याहून स्पष्टपणे जास्त भाग वेढणारा केज बाटलीला स्वतःच्या ताणाने धरतो. अर्ध्यावरच थांबणारा केज फक्त टेकू देतो. दुसरी म्हणजे केजच्या वरच्या टोकाला असलेली लहानशी जीभ, जी बाटलीच्या कमरेतल्या खाचेत अडकते आणि तिला वर सरकू देत नाही. ही जीभ ठळक असावी. अतिशय हलक्या केजमध्ये नेमकी तीच पातळ आणि बोथट केलेली असते, कारण तिथून एक-दोन ग्रॅम सहज काढता येतात. खालच्या टोकाला बाटलीचा तळ टेकण्यासाठी पक्की बैठक आहे का, हेही पाहावे. तळ अधांतरी राहिला तर बाटली खाली घसरते आणि जीभ खाचेतून सुटते.

दुकानात परीक्षा करायची असेल, तर पाण्याने पूर्ण भरलेली बाटली सोबत न्यावी. रिकाम्या बाटलीने केलेल्या परीक्षेला अर्थ नाही. बाटली केजमध्ये घालून केज हातात उलटा धरावा आणि जोरात झटके द्यावेत. बाटली एक सेंटिमीटरही हलली तर तो केज परत ठेवावा. त्यानंतर ती एका हाताने, न पाहता, काढून पुन्हा घालून पाहावी. इथे दुसरे टोकही गाठू नये. बाटली इतकी घट्ट बसत असेल की काढताना सायकल डगमगते, तर चालक पाणी पिण्याचा कंटाळा करू लागतो, आणि मे महिन्यात त्याची किंमत पाय धरल्यावर कळते. नवा केज थोडा घट्ट वाटणे चांगले, कारण काही महिन्यांच्या वापराने केज आणि बाटली दोन्ही झिजतात.

कोणता पदार्थ

कार्बन फायबर हलका आणि ताठ असतो, पण तो वाकत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा केज सैल झाला तर हाताने किंचित आत दाबून पुन्हा घट्ट करता येतो. कार्बनच्या बाबतीत ही सोय नाही, जी पकड साच्यातून आली तीच शेवटपर्यंत. म्हणून कार्बनचा केज वजन पाहून न घेता पकड पाहूनच घ्यावा आणि 25 ते 30 ग्रॅमच्या आसपासचा घ्यावा. 20 ग्रॅमखालचे केज सपाट रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ठीक आहेत, रंबलरसाठी नाहीत. बिननावाच्या स्वस्त कार्बन केजमध्ये आणखी एक तपासणी करावी. कडांवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. तंतू अडकले तर कड नीट बंद केलेली नाही, आणि तिथूनच पुढे थर सुटत जातात. असे केज घरी घासून गुळगुळीत करण्याचा सल्ला काही जण देतात, पण कार्बनची धूळ श्वासात जाणे घातक आहे; करायचेच असेल तर पाण्याच्या कागदाने, ओले ठेवून आणि तोंडाला मास्क लावूनच करावे. वरून कार्बनची जाळी दिसणारे काही केज आतून प्लास्टिकचेच असतात. वजनाचा काटा ते लगेच सांगतो.

अ‍ॅल्युमिनियम टिकाऊ आणि स्वस्त असते, मात्र रंगाचा किंवा अ‍ॅनोडाइझिंगचा थर घासला गेला की ते बाटलीवर काळे डाग सोडते. समुद्राजवळ राहणाऱ्यांना त्या उघड्या जागी पांढरी भुकटी धरलेली दिसेल. ती गंजच होय. केज लगेच मोडत नाही, पण वेल्डच्या सांध्याजवळ ती दिसली तर नव्या केजची तयारी करावी. वेल्डिंगशिवाय एकाच नळीला वाकवून केलेला केज या दृष्टीने सरस ठरतो.

माझी शिफारस विचाराल तर रोजच्या वापरासाठी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा 35 ते 40 ग्रॅमचा केज घ्यावा. तो गंजत नाही, धक्का लागला की थोडा वाकून पूर्ववत होतो, बाटलीला डाग पाडत नाही आणि काही शे रुपयांत मिळतो, तर नावाजलेल्या कार्बन केजला काही हजार मोजावे लागतात. कार्बनच्या तुलनेत त्याचे वजन दहा-पंधरा ग्रॅमनी जास्त, एवढाच काय तो तोटा. सायकल दिवसभर उन्हात उभी राहत असेल, तर काही वर्षांत हे प्लास्टिक फिके आणि ठिसूळ होते. बोल्टच्या भोकाजवळ बारीक चिरा दिसू लागल्या की बदलावे.

टायटॅनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या तारेचे केज हा शौकिनांचा विषय आहे. टायटॅनियमचा केज 30 ग्रॅमच्या आत बसतो, त्याला खाऱ्या हवेचे भय नाही, तो हाताने घट्ट करता येतो, आणि सायकल बदलली तरी केज तोच राहतो. पैसे असतील तर किनाऱ्यालगत राहणाऱ्याने कार्बनऐवजी याच्यावर खर्च करावा.

बोल्ट

केजच्या जाहिरातीतले वजन बहुधा बोल्टांशिवायचे असते, आणि पोलादी बोल्टांची जोडी पाच-सहा ग्रॅम सहज भरते. म्हणून हलके बोल्ट घालण्याची कल्पना सुचते. अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत बोल्ट सर्वांत हलके, पण मी ते कोणालाही सुचवणार नाही. त्यांची डोकी चटकन घासून गोल होतात, आणि खाऱ्या ओलाव्यात ते भोकातच जाम होतात. टायटॅनियमचे बोल्ट चालतील. नाहीतर 316 प्रतीच्या, म्हणजे ए-4 खुणेच्या, स्टेनलेसचे बोल्ट घ्यावेत. मिठापुढे ते नेहमीच्या 304 प्रतीपेक्षा अधिक टिकतात.

इथे रसायनशास्त्र थोडे समजून घ्यायला हवे. दोन वेगळ्या धातूंमध्ये, किंवा कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये, खारे पाणी आले की एक छोटी विद्युतघटमाला तयार होते, आणि तीत अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो. फ्रेममध्ये बसवलेले आट्यांचे नट बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. त्यामुळे स्टीलचा किंवा टायटॅनियमचा बोल्ट कोरडा बसवला, तर मिरामार-दोनापावलच्या वाऱ्यात आणि आपल्याच घामात वर्षभरात तो नटाशी जखडला जातो. मग पाना फिरवल्यावर बोल्ट सुटत नाही, नटच फ्रेममध्ये गरगर फिरू लागतो, आणि काही शे रुपयांच्या केजपायी फ्रेमचे काम निघते. यावर उपाय एकच, आट्यांना ग्रीस किंवा जखडणे रोखणारे लेप भरपूर लावणे. मृगाच्या आधी एकदा आणि चतुर्थी आटोपल्यावर एकदा चारही बोल्ट काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावेत. नट फिरू लागलाच, तर जोर न लावता मेकॅनिककडे जावे.

बोल्टची लांबी 12 ते 15 मिलिमीटर पुरते. सीट ट्यूबमध्ये त्याहून लांब बोल्ट घातला, तर तो आत सरकवलेल्या सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला, चरे पाडू शकतो. डाउन ट्यूबमध्ये तो आतून जाणाऱ्या केबलला घासू शकतो. केजखाली छोट्या पंपाची पट्टी बसवायची असेल, तरच तिच्या जाडीइतका लांब बोल्ट घ्यावा.

बसवणे आणि परीक्षा

दोन्ही बोल्ट आधी बोटांनी आटे जुळेपर्यंत फिरवावेत आणि मगच एलन की, म्हणजे षट्कोनी टोकाचा पाना, लावावी. खालचा पूर्ण घट्ट करून वरचा जुळवायला गेले की आटे वाकडे धरतात. कार्बन केज किंवा कार्बन फ्रेम असेल तर दोन ते तीन न्यूटन-मीटर इतकाच ताण पुरे, आणि उत्पादकाने त्याहून कमी आकडा दिला असेल तर तोच पाळावा. हा ताण मोजणारा टॉर्कचा पाना नसेल तर एलन कीची आखूड बाजू दोन बोटांनी धरून घट्ट करावे. सीट ट्यूबवरचा केज पुढच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या, पट्ट्यावर टेकून तिरका होत असेल, तर दोन्ही बोल्टांवर केज आणि फ्रेम यांच्यामध्ये एकेक वॉशर घालून त्याला फ्रेमपासून उचलावे. फक्त एकाच बाजूला वॉशर घातल्यास केज पिळला जातो आणि तिथेच तडकतो.

सीटच्या मागे बसणाऱ्या दोन बाटल्यांच्या केजबद्दल पुष्कळदा विचारणा होते, विशेषतः मिरामारला 2019 पासून आयर्नमॅन 70.3 ही पोहणे, सायकलिंग आणि धावणे यांची स्पर्धा होऊ लागल्यावर आणि तिच्यातल्या 90 किलोमीटर सायकलिंगची तयारी इथे अनेक जण करू लागल्यावर. तिथे धक्के सर्वांत जोराचे बसतात आणि बाटली मागे उडालेली चालकाला कळतही नाही. त्या जागी हलकेपणाचा विचारच करू नये. सर्वांत घट्ट केज घ्यावा आणि वर रबराचा पट्टाही लावावा. डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला तिसरा केज असेल, तर त्यात पिण्याच्या पाण्याऐवजी पंक्चरच्या सामानाचा डबा ठेवावा, कारण पुढच्या चाकाने उडवलेला रस्त्यावरचा लाल चिखल थेट बाटलीच्या तोंडावर येतो.

पहिली फेरी घराजवळच्या, ओळखीच्या रंबलरवरून काढावी. भरलेली बाटली आणि केजची कड जिथे मिळतात तिथे बाटलीवर पेनने रेघ मारावी, पट्ट्यांवरून चार-पाच वेळा नेहमीच्या वेगाने जावे आणि मग रेघ पाहावी. ती वर सरकली असेल तर वेगळी बाटली लावून पाहावी, कारण एकाच केजमध्ये एका कंपनीची बाटली सैल आणि दुसरीची घट्ट बसते. तरीही सरकत असेल तर केज परत करावा, म्हणून पावती आणि खोका आठवडाभर जपून ठेवावेत.

साखर-मिठाचे पाणी किंवा कोकम सरबत बाटलीत नेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. झाकणातून झिरपलेला थेंब केजच्या तळाशी वाळतो, मुंग्यांना आमंत्रण देतो, आणि दमट दिवसांत दोन रात्रींत तिथे बुरशी धरते. शिवाय त्यातल्या मिठाने बोल्ट जखडणे आणखी सोपे होते. फेरी संपल्यावर दोन्ही केजवर तांब्याभर गोडे पाणी ओतावे आणि बाटल्या झाकणे उघडी टाकून उलट्या वाळत ठेवाव्यात.